लाकडाची माडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी त्यांना फोनवर म्हटलं, त्या विषयावर आता आपली मुलंच आपल्याला शिकवतात, मी काय वेगळं सांगणार? मला घर बांधण्यावर बोलू द्या. तेही लाकडाचं घर. पलीकडे जरा वेळ शांतता झाली, मग उत्तर आलं, "बोल, पण वीस मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे." तेव्हा घड्याळ समोर ठेवून बोलते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी पुण्यात 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच माहीत आहे. आमची कंपनी छोटी आहे, चाळीसेक माणसांची. आम्ही परदेशातल्या लाकडी इमारती बनवणाऱ्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहितो. आर्किटेक्टनं काढलेली इमारत आमच्या प्रोग्रामात घातली की कोणती तुळई किती लांब, कुठे खाच, कुठे भोक, याची कापणीची यादी निघते आणि ती थेट मशीनला जाते. थोडक्यात, आपल्याकडे सुतार कानावर पेन्सिल ठेवून जे गणित करतो तेच. ही नोकरी मी लाकडाच्या प्रेमानं धरली नव्हती. मुलगी लहान होती आणि ऑफिस घराजवळ होतं.

कामाला लागले त्या सुमारास लंडनमधल्या एका इमारतीची ऑफिसात फार चर्चा होती. मरे ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावरची, २००९ मध्ये पूर्ण झालेली, नऊ मजल्यांची, २९ फ्लॅटची. तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठही मजले लाकडाचे. भिंती लाकडाच्या, जमिनी लाकडाच्या, जिना आणि लिफ्टचा खड्डासुद्धा लाकडाचा. चार माणसांनी सत्तावीस दिवसांच्या कामात तो सांगाडा उभा केला. सागाचे ओंडके वापरून हे होत नाही. फळ्यांचे थर एकदा उभे, एकदा आडवे असे चिकटवून जाड तक्ते करतात, त्याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. प्लायवूडचा थोरला भाऊ समजा. साध्या, गाठी असलेल्या सूचिपर्णी लाकडाच्या फळ्यासुद्धा त्यात चालतात.

ही इमारत ज्यांनी उभी केली त्यांच्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. आर्किटेक्ट वॉ थिसलटन ही तेव्हा एक लहान कचेरी होती. तक्ते आले ऑस्ट्रियातून. हे तंत्र नव्वदच्या दशकात तिथंच आकाराला आलं. ग्राट्झच्या तांत्रिक विद्यापीठातले गेरहार्ड शिकहोफर यांच्यासारखे संशोधक त्यामागे होते आणि डोंगरातल्या लाकूड कापणाऱ्या गिरण्या होत्या. सिमेंटच्या बड्या कंपन्यांना यात पडायचं काही कारणच नव्हतं. त्यांचा धंदा बरा चालला होता.

आता प्रश्न असा की लहान माणूस एवढा मोठा बाजार उभा कसा करतो? जाहिरातीला पैसे नाहीत, सरकारदरबारी ओळख नाही, आणि वस्तू अशी की गिऱ्हाईकानं आयुष्यात एकदाच घ्यायची. साबणाची वडी असती तर लोकांनी एकदा वापरून पाहिली असती. नऊ मजली घर कोण वापरून पाहणार?

२०१६ मध्ये मी आमच्या एका ग्राहकाकडे, आल्प्सच्या पायथ्याच्या एका खेड्यात, आठवडाभर राहिले. सतरा माणसांचा कारखाना. मालक स्वतः सुतार, वडीलही सुतार. पहिल्या तीन इमारतींत त्यांना नुकसान झालं होतं. मी विचारलं, मग चालू कसं ठेवलं? तर त्यांनी मला एक कपाट दाखवलं. त्यात फायली होत्या. अग्निशमन अधिकाऱ्यासमोर तक्ता जाळून दाखवला त्याची नोंद, किती मिनिटांत किती जळाला. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतलं लाकूड राखतो. मिनिटाला मिलिमीटरही जळत नाही, साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटर. तेवढी जाडी आधीच जास्तीची धरायची. मग आवाजाची चाचणी, वरच्या मजल्यावर पोरं उड्या मारतात तेव्हा खाली किती ऐकू येतं. विमा कंपनीशी झालेला दोन वर्षांचा पत्रव्यवहार. एका इमारतीत तर जिन्याखालची हातभर जागा त्यांनी मुद्दाम गिलाव्याशिवाय सोडलेली होती, कुणीही यावं आणि दहा वर्षांनी लाकूड कसं आहे ते बघावं म्हणून.

आणि त्या फायलींच्या प्रती ते शेजारच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या सुताराला देत असत. फुकट. तो त्यांचा सरळसरळ प्रतिस्पर्धी होता! मला हे काही केल्या कळेना.

पुण्याला परत येताना विमानात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पाडला माझ्या मामांनी. तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल, मामांनी परळी रस्त्याला राखेच्या विटांचं मशीन टाकलं होतं. परळीच्या औष्णिक केंद्राची राख किती पडायची ते आपण लहानपणी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, डोळे चोळत. १९९९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की अशा केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळायचीच. कायदा झाला, पण कायद्यानं गवंड्याचं मन थोडंच बदलतं? गवंडी म्हणायचे, ही वीट पाणी पीत नाही, गिलावा धरत नाही, रंग मढ्यासारखा. घरमालक म्हणायचा, मी आयुष्यात एकदा घर बांधणार, ते राखेचं? आपल्याकडे राख कशाला लागते ते तुम्हाला माहीतच आहे.

मामांनी काय केलं? एका देवळाच्या कुंपणाच्या भिंतीला विटा तशाच दिल्या. देवळाची भिंत, तीही रस्त्यावरची. चार पावसाळे ती भिंत गावानं येता-जाता पाहिली. विटा प्रयोगशाळेत दाबून घेतल्या, त्याचं प्रमाणपत्र आणलं आणि त्याच्या झेरॉक्स ज्यानं मागितल्या त्याला दिल्या. पलीकडच्या मशीनवाल्यालासुद्धा मिश्रणाचं माप सांगून टाकलं. मामी चिडली. मामा तिला म्हणाले, "अगं, त्याची वीट फुटली तर लोक त्याचं नाव घेणार नाहीत. राखेची वीट फुटते म्हणतील. मग माझी तरी कोण घेईल?"

सुताराच्या कपाटाचं रहस्य हेच होतं. नवीन माल विकणारा पहिला माणूस माल विकतच नसतो. तो दुसऱ्यांच्या मनातल्या शंका एकेक करून विकत घेत असतो, स्वतःच्या खिशातून. बँकेची शंका, नगरपालिकेच्या इंजिनिअरची, विमावाल्याची, सासूची. एकदा फेडलेली शंका मागून येणाऱ्या सगळ्यांना फुकट मिळते. हा अन्याय आहे, पण याला पर्याय नाही. आणि एकट्यानं सगळ्या शंका फेडायच्या तर लहान माणूस मरतो, म्हणून शहाणे लोक त्या वाटून घेतात. आमच्या क्षेत्रात प्रोग्राम लिहून खुला सोडून देतात, तिथेही पुष्कळदा हाच हिशेब असतो. लोकांना वाटतं परोपकार आहे.

मामांचं दुसरं म्हणणंही तितकंच खरं आहे, एकाचं घर पडलं की सगळ्यांचा बाजार पडतो. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. ती इमारत काँक्रीटची होती, पेटलं होतं ते बाहेरून लावलेलं आच्छादन. पण पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडात नियम आला की अठरा मीटरपेक्षा उंच राहत्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत जळणारी कोणतीही वस्तू नको. लाकडी तक्त्याच्या उंच घरांचं काम तिथं जवळजवळ थांबलं. ज्या देशानं नऊ मजले चढून दाखवले त्यालाच खाली उतरावं लागलं. त्या नियमाला मी चूक म्हणणार नाही. ७२ माणसं मेल्यावर कोणतंही सरकार आधी दार लावून घेतं. मी फक्त एवढंच सांगते की दार कुणाकुणाच्या तोंडावर लागलं.

आता आपल्या गावात येते.

३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, पाय दुखत होते, म्हणून मी गाढ झोपले होते. पहाटे चारला चारेक मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं जुन्या गावातलं घर माळवदाचं, पाच खणांचं. आजोबांनी मला दंडाला धरून अंगणात ओढलं ते अजून आठवतं. किल्लारी आपल्यापासून शंभरएक किलोमीटर. आपल्याकडे घरांना तडे गेले. तिकडे गावंच्या गावं गेली. पुढचे कित्येक दिवस आपण शाळेच्या मैदानावर झोपलो, आठवतंय? बाईंनी सतरंज्या काढून दिल्या होत्या.

त्या दिवसानंतर मराठवाड्यात 'माती-लाकडाचं घर' हा एकच शब्द झाला, आणि तो भीतीचा शब्द झाला. मी पुढे इंजिनिअर झाल्यावर त्या भूकंपावरचे अहवाल वाचले. माणसं मेली ती कशानं? दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या भिंतींनी, आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्यानं. दीड फूट मातीचं माळवद चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास भरतं. पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्याआधी आपण वर नवी माती टाकत आलो, गळू नये म्हणून. पण ज्या घरांत हे ओझं भिंतींवर न ठेवता लाकडी खांब-तुळयांवर पेललेलं होतं, तिथं भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिलेला तज्ज्ञांनी अनेक ठिकाणी पाहिला. म्हणजे लाकूड गुन्हेगार नव्हतं. पुष्कळ ठिकाणी ते एकटंच जागेवर उभं होतं. पण हे कुणी, कुणाला सांगणार? बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, पक्की घरं आली, आणि आपण सगळ्यांनी स्लॅबचा ध्यास घेतला.

अण्णांनीही घेतला. १९९५ च्या उन्हाळ्यात आमचं माळवद उतरवलं. तळखड्यावरचे सागवानी खांब, नक्षीचे हस्त, तुळया, कड्या, सगळं अंगणात रचलं होतं. ट्रक घेऊन व्यापारी यायचे आणि ढिगाच्या भावानं लाकूड न्यायचे. आपल्या गल्लीगल्लीतून ते ट्रक भरून गेलेत. ते खांब पुढे कुठल्या हॉटेलात उभे राहिले कोण जाणे. आमच्याकडे चार खांब उरले, ते गोठ्याला लावले म्हणून.

योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं सरकारी बांधकामात लाकूड वापरायला बंदी केली. जंगलं वाचावीत हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला, वृक्षतोडीवर आणि आरागिरण्यांवर आणखी बंधनं आली. २०२० मध्ये बांधकाम विभागानं ती बंदी उठवली. पण मधल्या सत्तावीस वर्षांत एक पिढी गेली. ज्याला माडीची तुळई भरता येत होती तो सुतार म्हातारा झाला आणि त्याचा मुलगा दाराच्या चौकटी आणि सनमाइकाचे कपाट करायला लागला. इंजिनिअरिंगच्या मुलांना काँक्रीट शिकवलं, लोखंड शिकवलं. लाकडाची संहिता, आयएस ८८३, आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूवर प्रकरण आहे. ते उघडणारा कोणी राहिला नाही.

कुणी म्हणेल, लाकडाचे मजले आपल्याला कुठे ठाऊक होते? दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळी पाहा, तीन-तीन, चार-चार मजले लाकडी सांगाड्यावर उभे आहेत, दुरुस्तीअभावी टेकू लावून का होईना. पुण्याचा विश्रामबागवाडा दोनशे वर्षांनंतर उभा आहे. शनिवारवाड्याचे मजले १८२८ च्या आगीत गेले, हेही सांगायला हवं. लाकूड जळतं. ते लपवून कुणी बाजार वाढवू नये.

आता मी हे सगळं का सांगतेय, त्यात माझा स्वार्थ आहे. अण्णांनी बांधलेल्या स्लॅबला तीस वर्षं झाली. सळ्या गंजल्यात, खालून पापुद्रे पडतात. आईच्या खाटेच्या वर मी प्लॅस्टिक बांधलंय. आणि उन्हाळ्यात त्या खोलीत रात्री अकरालाही भिंतीला हात लावता येत नाही. मला तिथे यायचंय. पुण्याची नोकरी मी आता निम्मा वेळ घरून करू शकते. आईजवळ राहायचं तर वर दोन खोल्या हव्यात. इंजिनिअर म्हणाले, भिंती ठीक आहेत, पण पाया वरच्या काँक्रीटच्या मजल्याचं वजन घेणार नाही. सगळं पाडा, नव्यानं बांधा.

वजन म्हटल्यावर मी घरी येऊन हिशेब केला. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, खाली छत, असं सगळं धरून सत्तर किलोच्या आसपास. गंजलेला स्लॅब उतरवून लाकडी जमीन टाकली आणि वर लाकडी सांगाड्याची हलकी माडी चढवली, तरी आज जेवढं वजन त्या भिंतींवर आहे त्याच्या फार पुढे आपण जात नाही. भूकंपात तर हलकं घर हे अर्धं औषध आहे, कारण जमीन हलते तेव्हा घराला बसणारा हिसका घराच्याच वजनाच्या प्रमाणात असतो.

मग मी आपल्या वर्गातल्या त्या मित्राकडे गेले, जो आत्ता मागच्या रांगेत बसून मान खाली घालतोय. त्याचं नाव घेणार नाही. वडिलांचा वर्कशॉप त्यानं वाढवलाय, दारावर नक्षी करायला सीएनसी मशीन घेतलंय. मी लॅपटॉपवर जोडाचा आराखडा काढला, पेन ड्राइव्हमध्ये दिला, आणि त्याच्या मशीननं तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत कापला. मला वाटलं जग जिंकलं. हे गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मे महिन्यात पाहिलं तर जोडात करंगळी जाईल एवढी फट! लाकूड ओलं होतं. बाजारातून आणलेलं, पुरतं न वाळलेलं लाकूड मी पावसाळ्यात कापून घेतलं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते आकसलं. वीस वर्षं लाकडाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईनं ओलावा मोजला नाही. तो म्हणाला, "तुझ्या कॉम्प्युटरला वैशाख माहीत नाही." त्याच्या वडिलांनी, वय वर्षं ऐंशी, फट पाहिली, आणि आम्हाला सांगितलं की त्यांच्या काळी तुळईचं लाकूड दोन उन्हाळे सावलीत पडून असायचं.

आता आम्ही ओलावा मोजायचं यंत्र घेतलंय. दुसरा जोड जुन्या, घर पाडलेल्या सागाचा केला. इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो मोडेपर्यंत दाबला. हिशेबापेक्षा जास्त भार घेऊन मोडला, आणि एकदम न तुटता कुरकुरत, सांगून मोडला. तो कागद मी जपून ठेवलाय. माझ्या कपाटातली पहिली फाईल.

बँकेनं मात्र नाही म्हटलं. अधिकारी सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, आमच्या तक्त्यात लाकडी घराचं आयुष्य लिहिलेलं नाही. कच्चं धरावं लागेल." मी घरी आले, शोधलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात पक्क्या बांधकामाची व्याख्या आहे, त्या यादीत सिमेंट, भाजलेली वीट, दगड यांच्याबरोबर लाकूडसुद्धा आहे. स्वच्छ लिहिलेलं आहे. ती प्रत घेऊन परत गेले. त्यांनी वाचली, दोनदा वाचली, आणि वरच्या कार्यालयाला पाठवली. उत्तर यायचंय. मला कर्ज मिळालं नाही तरी चालेल, मी साठवलेल्या पैशातून करीन. पण ते उत्तर लेखी हवंय. ते माझ्या नंतर येणाऱ्याच्या कामाचं आहे.

आईचं काय, हे तुम्ही विचारणारच. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, इतकी मला तिची भीती. ती १९९३ नंतर कित्येक वर्षं दाराजवळ झोपायची. शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "वर माती नाही ना?" नाही म्हटलं. "मग लाकडानं आपलं काय वाईट केलंय?" म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली. अहवाल वाचायला मला पंधरा वर्षं लागली होती.

मी काही अंबाजोगाईत अठरा मजले चढवा म्हणत नाही. नॉर्वेत ब्रुमुंडाल गावात चढवलेत, म्योस्टॉर्नेट नावाची ८५.४ मीटरची इमारत, २०१९ मध्ये पुरी झाली तेव्हा जगात सगळ्यात उंच लाकडी इमारत होती. ते गाव आपल्या गावापेक्षा खूप लहान आहे, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण त्यांच्या दाराशी जंगल आहे. आपल्या जिल्ह्यात जंगल नावालाच आहे, साग महाग आहे, वाळवी आहे. आपल्याकडे कदाचित जुनं लाकूड आणि बांबू यांतून वाट निघेल. २०१७ च्या दुरुस्तीनं बांबू कायद्यानं झाड राहिला नाही, त्यामुळे शेतातला बांबू तोडायची, न्यायची कटकट गेली. कुडाळला कॉनबॅक ही संस्था कोकणातल्या माणगा बांबूवर प्रक्रिया करून त्याची बांधकामं उभी करते. तिकडेही लोक आधी म्हणायचेच, बांबू म्हणजे गरिबाची झोपडी. जाऊन बघून यावं असं काम आहे. मी आणि मागच्या रांगेतले गृहस्थ दिवाळीनंतर जाणार आहोत, गाडीत दोन जागा शिल्लक आहेत.

आणि मला तुमच्यातले तिघं हवेत. आपल्या वर्गात एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, छत्रपती संभाजीनगरला. त्यानं माझा हिशेब तपासावा आणि पटला तरच सही करावी. मैत्रीखातर करू नये. एक मैत्रीण विमा कंपनीत आहे. तिनं फक्त एवढं शोधून सांगावं की असा प्रस्ताव आला तर तो कुणाच्या टेबलावर अडतो. आणि नगरपालिकेत काम केलेले आपले एक सिनिअर इथं बसलेत. त्यांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगावं. फी देईन. आमची माडी झाली तर सगळे कागद, ओल्या लाकडाच्या फजितीसकट, शाळेच्या ग्रंथालयात ठेवीन.

जेवणाची घंटा झालेली दिसते. उद्या सकाळी नऊ वाजता ज्यांना यायचंय त्यांनी आमच्या घरी या. मोडलेला जोड अंगणात ठेवलाय, हाताळून बघता येईल. चहा आई करणार आहे, पण गोठ्यात यावं लागेल, कारण चार जुने खांब तिथेच आहेत.